मुक्कामाचा पहिला अर्धा तास

खोली चांगली की वाईट, हे भाड्यावरून निम्मेच ठरते. उरलेले निम्मे ठरते ते दार उघडून आत गेल्यावर आपण पहिल्या अर्ध्या तासात काय करतो त्यावर. बहुतेक जण बॅग गादीवर टाकतात, पंखा पाचावर करतात, मोबाइल चार्जिंगला लावतात आणि आडवे होतात. मग रात्री अकराला कळते की नळाला गरम पाणी नाही आणि दाराची कडी बसत नाही. तोवर मॅनेजर झोपलेला असतो आणि शेजारची बरी खोली दुसऱ्याला गेलेली असते.

दौंड तालुक्यातले केडगाव हे वस्तीला राहणाऱ्यांच्या ओळखीचे गाव. पुणे-दौंड लोहमार्गावर त्याचे स्टेशन आहे आणि पुणे-सोलापूर महामार्गावरचा चौफुला जवळ आहे. बेटावरच्या नारायण महाराजांच्या दत्तस्थानी गुरुवारी आणि दत्तजयंतीला भाविक येतात. मोरगाव, सिद्धटेक आणि रांजणगाव हे तीन अष्टविनायक या पट्ट्याच्या तीन बाजूंना आहेत, त्यामुळे दर्शनाचा क्रम लावणाऱ्यांचा एखादा मुक्काम इथल्या रस्त्यावर पडतोच. खोली मोबाइलवरून ठरवणार असाल तर एक खबरदारी घ्या. अहिल्यानगर शहरालगतही एक केडगाव आहे. आपल्याला हवे ते पुणे जिल्ह्यातले, पिनकोड ४१२२०३. पैसे भरण्याआधी तालुका वाचावा.

नव्या जागी बस्तान कसे बसवावे, हे शिकायचे तर याच तालुक्यात आषाढीच्या आधी यावे. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतला आणि यवतहून वरवंडला मुक्कामी असते. यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात, ती प्रसिद्धच आहे. दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या ठोकल्या जातात, आणि दिवसभर चाललेला माणूस पोचतो तेव्हा त्याला आपली वळकटी कुठे सापडेल हे ठाऊक असते. गाव रोज नवे, पण क्रम रोज तोच: आधी पाणी, मग जेवण, मग कीर्तन, मग पाठ टेकणे. त्या क्रमामुळेच परकी जागा तासाभरात आपली होते.

हीच गोष्ट केडगावने फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर उतरवले. तेच पुढे मुक्ती सदन झाले. शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना असा कामाचा दिनक्रम तिथे उभा राहिला. माणूस रुजतो तो छपराने कमी आणि दिनक्रमाने जास्त. एका रात्रीच्या पाहुण्यालाही हे लागू आहे.

तर क्रम असा. पहिले काम काउंटरवर. पैसे देण्याआधी खोली पाहायला मागा. ते रास्त आहे आणि कुणी वाईट मानत नाही. भाडे चोवीस तासांचे की दुपारी बाराला खोली सोडायची, हे विचारा. पहाटे पाचला उतरणाऱ्याला या फरकाने एक दिवसाचे जादा भाडे पडू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. बिलात जुना दर दिसला तर तिथेच विचारा. ओळखपत्र म्हणून आधार द्यायचे असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत आधीच डाउनलोड करून ठेवावी.

दुसरे काम गादीचे. बॅग गादीवर नको, जमिनीवरही नको. बाथरूममध्ये कोरडी फरशी असेल तर तिथे ठेवा, नाहीतर टेबलावर. मग चादर कोपऱ्यातून उचला आणि गादीची शिवण, पलंगाची डोक्याकडची फळी आणि भिंतीलगतची फट मोबाइलच्या उजेडात पाहा. ढेकूण दिवसा याच जागी लपतात. मोठा ढेकूण साधारण चार-पाच मिलिमीटरचा असतो, आणि तो दिसला नाही तरी शिवणीवरचे काळे ठिपके त्याचा पत्ता सांगतात. खाण्यावाचून तो महिनोन्‌महिने जगतो, म्हणून ‘खोली बरेच दिवस बंद होती’ ही हमी नव्हे. ठिपके दिसले तर खोली बदला. शक्यतो लगतची घेऊ नका, कारण भिंत आणि वायरिंगच्या फटीतून ते शेजारी जातात.

तिसरे काम पाण्याचे. नळ सोडून मिनिटभर वाहू द्या. बंद खोलीच्या नळीत साचलेले पाणी निघून जाते. गरम पाणी कधी ते विचारा. सोलर असेल तर सकाळी लवकर उठणाऱ्याचा फायदा. बाथरूममध्येच गॅस गीझर बसवलेला असेल तर मात्र सावध व्हा. हवा कमी असलेल्या छोट्या जागेत गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. अशा ठिकाणी खिडकी उघडून आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मगच अंघोळीला बसावे.

चौथे काम दाराचे. कडी, खिटी, कुलूप लावून पाहा. मग बाहेर येऊन जिन्यापर्यंत किती दारे आहेत ते मोजा. धुरात दिवे गेले की डोळे कामाला येत नाहीत, भिंतीवरचा हात आणि ही मोजणी येते. दिल्लीत करोलबागेतल्या एका हॉटेलात १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे आग लागून १७ माणसे गेली. जिन्याचे दार कुलूपबंद आढळले तर ते उघडायला सांगणे हा भांडखोरपणा नव्हे.

पाचवे काम झोपेचे. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा मनाचा खेळ नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले की नव्या जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त जागी राहते. म्हणून घरचा अभ्रा किंवा पातळ चादर सोबत असावी, तिच्या ओळखीच्या वासाने बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी असेल तर गजर दोन ठिकाणी लावा.

शेवटचे काम मांडामांडीचे, आणि ते आवडीचे. चष्मा, औषध, पाण्याची बाटली हात पोचेल अशा एकाच जागी ठेवा. देवदर्शनाचे कपडे आधी काढून खुंटीला लावा. चार्जर, चावी आणि पाकीट यांचा एक कोपरा ठरवा. निघताना तो एक कोपरा तपासला की काही विसरत नाही. मुंबईत आले की लोकमान्य टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तिथेच झाले. सतत प्रवास करणाऱ्याला उतरण्याची एक ठरलेली जागा किती हवीशी असते, ते यावरून कळावे. ती जागा आपल्याला दरवेळी मिळत नाही. ठरलेला क्रम मात्र सोबत नेता येतो.

आणि तक्रार असेल तर सामान उघडण्याआधीच खाली जाऊन सांगा, शांतपणे, पण नक्की. कपडे कपाटात गेल्यावर खोली बदलायला कुणीच राजी नसते, त्यात आपणही आलो.