रुग्णालयाची निगा

रुग्णालय म्हटले की डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांचेच स्मरण होते. भिंतींवरून जाणाऱ्या नळांकडे व तारांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. नळांतील दाब उतरला आणि त्यावर ज्यांचा श्वास अवलंबून होता, अशा वीसहून अधिक रुग्णांचा अंत झाला. प्राणवायूच खंडित झाल्यावर वैद्यकाचे ज्ञान तेथे हतबल ठरले.

इमारतीचेही असेच आहे. गच्चीच्या भेगेतून मुरलेले पाणी आतील लोखंडी सळ्यांना गंज आणते; गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. पावसाळ्यापूर्वी ती भेग बुजविणे अल्प खर्चाचे असते. पुढे मात्र संपूर्ण कक्षच रिकामा करावा लागतो.

म्हणून झडपा, वीजजोडणी, जनित्र आणि गच्ची यांची ठराविक दिवशी तपासणी व्हावी, तिची नोंद राहावी आणि दुरुस्तीसाठी स्वतंत्र तरतूद असावी. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर नावे कोरली जातात. वेळेवर बदललेल्या झडपेवर कोणाचेच नाव नसते. तथापि रुग्णाचे प्राण तीही राखीत असते.