कमरेचे पिस्तूल

मागे आम्ही ब्रह्मपुरीजवळच्या एका गावी लग्नाला गेलो होतो. पंगत बसत होती. बाहेरगावचे एक पाहुणे कमरेला पिस्तूल लावून आले होते. ते झाकलेले नव्हते. सगळ्यांना दिसत होते. पोरे त्यांच्या मागे मागे फिरत होती. पाहुण्यांनाही ते आवडत होते. पानावर बसायला ते खाली वाकले, आणि पिस्तूल निसटून जमिनीवर आपटले.

गोळी सुटली नाही. देवाची कृपा! पण पंगत उठली ती उठलीच. पुष्कळ माणसे उपाशी घरी गेली. नवरीच्या बापाचे तोंड उतरून गेले.

त्या दिवशी कोणी मेले नाही. पण गोळी सुटली असती तर? म्हणून या गोष्टीचा आपण नीट विचार करू.

पिस्तूल कशासाठी असते?

पिस्तूल म्हणजे एका हातात धरून झाडता येणारी लहान बंदूक. रिव्हॉल्व्हर आणि देशी कट्टा ही त्याचीच भावंडे. आपल्या भागाला बंदूक नवी नाही. रानडुकरे धानाची नासाडी करतात, म्हणून काही शेतकऱ्यांकडे भरमार बंदुकीचा परवाना असतो. बार ठासून भरायची ती लांब बंदूक पिकाच्या राखणीसाठी असते. डुक्कर मारायचे तर वन विभागाची परवानगीही लागते.

पिस्तुलाचे तसे नाही. ते शेताच्या राखणीचे नव्हे. वाघापुढे तर त्याचा भरवसा धरूच नये. ते माणसावर चालवायचे हत्यार आहे. म्हणून ते दिसले की माणूस भितो.

धोका कोणाला?

काहींना वाटते, पिस्तूल दिसले की लोक वचकून राहतात. पण खरे काय होते ते पाहा.

पहिला धोका हिसकावण्याचा. ज्याला पिस्तूल हवे आहे, त्याला ते कोठे आहे हे आपणच दाखवून दिले. मंडईत, शंकरपटात, नाटकाच्या गर्दीत मागून कोणीही हात घालील. मग आपलेच पिस्तूल आपल्यावर उलटेल.

दुसरा धोका रागाचा. धुऱ्यावरून भांडण होते. हात रिकामा असला तर शिवीगाळ होते, फार तर झटापट. चार दिवसांनी समेटही होतो. पण कमरेला पिस्तूल असले की हात तिकडेच जातो. समोरच्यालाही वाटते, हा आता झाडणार. तो आधीच कुऱ्हाड उचलतो. एका क्षणाचा राग, आणि दोन घरे उजाड!

शिकलेल्यांच्या घरीही हेच घडते. २२ एप्रिल २००६ रोजी मुंबईत प्रमोद महाजन या मोठ्या पुढाऱ्यांवर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचे होते. ३ मे रोजी प्रमोद महाजन वारले. भावाला जन्मठेप झाली. परवाना होता, पण परवाना काही राग आवरत नाही.

तिसरा धोका चुकीचा. पिस्तूल पडते. पोर ओढते. पोटात दारू असली तर विचारूच नका. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

चौथा धोका गैरसमजाचा. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्याने नक्षल्यांच्या बंदुकीचे दुःख अनेक वर्षे सोसले. हत्यार घेतलेला माणूस शेतकरी की आणखी कोणी, हे दुरून कसे ओळखावे? तिथल्या अनेक गावकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत घरच्या भरमार बंदुका आपणहून पोलिसांकडे जमा केल्या. त्यांनी शहाणपणाच केला.

आणि वरातीत हवेत झाडलेली गोळी? ती आकाशात राहत नाही. खाली येतेच. कोणाच्या अंगणात येईल, ते झाडणाऱ्याला ठाऊक नसते.

कायदा काय सांगतो?

शस्त्रांचा कायदा १९५९ सालचा आहे. विनापरवाना पिस्तूल बाळगले तर दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड होतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना असला तरी पिस्तूल चारचौघांत उघडे नेता येत नाही. ते म्यानात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात पाहिजे. ते नाचवणे, रोखणे, झाडणे यांना सक्त मनाई आहे. २०१९ साली कायदा आणखी कडक झाला. लग्नात, मिरवणुकीत आनंदाने गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. दोन्हीही होऊ शकतात.

हा कायदा नुसता कागदावर नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा मारहाण करून खून झाला. त्या खुनात बंदूक नव्हती. पण त्यानंतर जिल्ह्यातल्या दांडगाईकडे साऱ्या राज्याचे लक्ष गेले. पिस्तूल मिरवणाऱ्यांच्या, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांपुढे आल्या. पोलिसांनी गुन्हे नोंदवले. अनेकांचे परवाने रद्द झाले. ज्या पिस्तुलाची ऐट केली, त्याच पिस्तुलाने पोलीस ठाण्याची पायरी दाखवली.

आपण काय करावे?

घरी परवान्याचे हत्यार असेल तर गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि दोन्ही कुलपात ठेवावे. लग्नाला, बाजाराला, सभेला ते नेऊ नये. कोणी उघडे पिस्तूल घेऊन मांडवात आला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याला हात लावायला जाऊ नये. पोरांना दूर न्यावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. आपल्या घरचे कार्य असेल तर आमंत्रण देतानाच पाहुण्यांना सांगावे, "या, जेवा, पण हत्यार घरी ठेवून या." यात कोणाचा अपमान नाही.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात मान मिळतो तो वागण्याने, शब्द पाळल्याने, अडल्यानडल्याला धावून गेल्याने. कमरेच्या पिस्तुलाने मिळते ती भीती. आणि भ्यालेली माणसे, आम्ही त्या लग्नात पाहिले, पानावरून उठून जातात.