मैलामागे तीन घरं

१९३५ साली अमेरिकेतल्या शहरांमध्ये दहांपैकी नऊ घरांत वीज होती. शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात होती. नेब्रास्कासारख्या राज्यात, जिथे एका शेतकऱ्याच्या अंगणातून शेजाऱ्याचं छप्पर ठिपक्याएवढं दिसतं, तिथे तर संध्याकाळ झाली की रॉकेलच्या दिव्याची काच पुसायची आणि वात कातरायची, हाच दिवेलागणीचा विधी होता. धुण्याचा वार म्हणजे बायकांना धडकी भरवणारा दिवस. पवनचक्कीने हौदात चढवलेलं पाणी बादल्यांनी घरात आणायचं, चुलीवर उकळायचं, कपडे फळीवर घासायचे, पिळायचे, पुन्हा दुसऱ्या पाण्यात काढायचे. दुसऱ्या दिवशी इस्त्री. ऐन जुलैमध्ये चूल पेटती ठेवून त्यावर बिडाच्या जड इस्त्र्या तापवायच्या. एक थंड झाली की दुसरी उचलायची.

वीज कंपन्यांचं गणित सरळ होतं. गावाबाहेर एक मैल तार ओढायला दीड-दोन हजार डॉलर लागतात आणि त्या मैलात घरं भेटतात तीन, फार तर चार. शेतकऱ्याला वीज हवी असेल तर त्याने तारेचा खर्च आगाऊ भरावा. मंदीच्या दिवसांत, मक्याला भाव नसताना, हे पैसे कोण भरणार? म्हणून तारा गावाच्या वेशीवर थांबायच्या.

हे गणित कायद्याने बदलणारे नेब्रास्काचे सिनेटर म्हणजे जॉर्ज विल्यम नॉरिस. सिनेटर आपल्या राज्यासाठी काय करतो, याचं उत्तर सहसा पूल, रस्ते, अनुदानं असं मिळतं. नॉरिस यांनी आपल्या राज्याला कायद्याची कलमं दिली, आणि त्या कलमांवर ग्रामीण अमेरिका उभी राहिली असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, ओहायोतल्या एका शेतावरचा. घरात बारा भावंडं. ते तीन वर्षांचे असताना वडील गेले, थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला. शेतात राबत, शाळेत शिकवत ते वकील झाले आणि १८८५मध्ये नेब्रास्कात आले. पुढे मॅककुक या छोट्या गावी घर केलं. दुष्काळी वर्षांत जिल्हा न्यायाधीश म्हणून काम करताना कर्जात बुडालेले शेतकरी त्यांनी जवळून पाहिले. १९०३ साली ते रिपब्लिकन पक्षाकडून प्रतिनिधीगृहात गेले आणि १९१३ साली सिनेटमध्ये. सलग चाळीस वर्षं वॉशिंग्टनला काढली.

पक्षाची शिस्त त्यांना कधीच मानवली नाही. १९१०मध्ये त्यांनी आपल्याच पक्षाच्या सभापती जोसेफ कॅनन यांची एकाधिकारशाही मोडून काढणारा ठराव मांडला आणि जिंकला. १९१७मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या विरोधात मत देणाऱ्या सहा सिनेटरांपैकी ते एक होते. देशद्रोही ठरवून त्यांच्यावर चिखलफेक झाली. ते नेब्रास्कात परतले, लोकांसमोर उभे राहून आपली बाजू मांडली आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले.

त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चिवट भांडण मात्र नेब्रास्कापासून शेकडो मैल लांब, अलाबामातल्या टेनेसी नदीवर झालं. महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रेट लागत होतं, म्हणून सरकारने मसल शोल्स इथे कारखाने काढले आणि १९१८मध्ये विल्सन धरणाचं काम सुरू केलं. युद्ध संपलं, धरण राहिलं. १९२१मध्ये हेन्री फोर्ड पुढे आले: कारखाने पन्नास लाख डॉलरना द्या आणि धरण शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्यावर द्या. स्वस्त खताचं आश्वासन होतं, त्यामुळे शेतकरी संघटनाही भुलल्या. नॉरिस तेव्हा सिनेटच्या कृषी समितीचे अध्यक्ष होते. जनतेच्या पैशाने बांधलेलं धरण आणि जनतेच्या नदीचं पाणी शंभर वर्षं एका माणसाच्या हाती द्यायचं, हे त्यांना पटेना. प्रतिनिधीगृहाने फोर्डच्या बाजूने कौल दिला होता, पण समितीत नॉरिस यांनी साक्षी घेतल्या, हिशेब तपासले, प्रस्ताव रोखून धरला. १९२४मध्ये फोर्डनी अंग काढून घेतलं.

पण आडवं येणं हे अर्धंच काम. धरण सरकारनेच चालवावं, वीज लोकांना स्वस्त मिळावी, असं विधेयक त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं. १९२८मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. अध्यक्ष कूलिज यांनी सहीच केली नाही. १९३१मध्ये पुन्हा मंजूर झालं. हूव्हर यांनी नकाराधिकार वापरला. सरकारने धंद्यात पडू नये, हे त्यांचं तत्त्व होतं. नॉरिस सत्तरीला आले होते. १९३३मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि १८ मे रोजी टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या कायद्यावर सही झाली. बारा वर्षांचं भांडण एका सहीने सुटलं. आपल्याकडे १९४८मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं, ते याच प्राधिकरणाच्या धर्तीवर.

या प्राधिकरणाने बांधलेल्या पहिल्या धरणाला नॉरिस यांचंच नाव दिलं. त्या धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबं उठवली गेली, हजारो कबरी हलवल्या गेल्या. जमीनमालकांना मोबदला मिळाला, कुळांच्या हाती जवळपास काहीच आलं नाही. शेजारी वसवलेल्या नॉरिस नावाच्या आदर्श वसाहतीत कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हतं. कोयना-उजनीच्या प्रकल्पग्रस्तांची कैफियत ऐकलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, आणि नॉरिस यांचं मोठेपण सांगताना हे झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

आता पुन्हा शेताकडे. मे १९३५मध्ये रूझवेल्ट यांनी एका आदेशाने ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केलं. पण आदेश आज आहे, उद्या नाही. त्याला कायद्याचं बळ हवं होतं. सिनेटमध्ये नॉरिस आणि प्रतिनिधीगृहात टेक्सासचे सॅम रेबर्न यांनी विधेयक नेलं आणि २० मे १९३६ रोजी ग्रामीण विद्युतीकरण कायदा झाला. खाजगी कंपन्यांना या पैशातून कर्ज द्यावं का, यावर दोन सभागृहांत रस्सीखेच झाली. नॉरिस यांचा सक्त विरोध होता. शेवटी तडजोड झाली ती अशी, की प्राधान्य सार्वजनिक संस्थांना आणि सहकारी संस्थांना.

हा कायदा मुद्दाम बारकाईने वाचावा. कर्ज फेडायला पंचवीस वर्षांपर्यंत मुदत. व्याज सरकारला स्वतःला जेवढं पडतं तेवढंच, म्हणजे तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास. वर्षाच्या रकमेतला निम्मा भाग राज्यांना वाटायचा, तो ज्या राज्यात जितकी शेतं अंधारात त्या प्रमाणात. म्हणजे वजनदार राज्याने ताट ओढून घ्यायची सोय नाही. तार दारापर्यंत आली तरी घरात वायरिंग करायला पैसे नसतील, हे ओळखून वायरिंग, विजेची उपकरणं आणि नळजोडणीसाठीही कर्जाची तरतूद. आणखी एक कलम असं, की या कायद्याची अंमलबजावणी पूर्णपणे पक्षनिरपेक्ष असेल. नेमणुकीत राजकीय निष्ठा पाहायची नाही, पाहिली तर अधिकारी घरी जाईल. नॉरिस यांच्या आयुष्यभराच्या आग्रहाशी हे कलम तंतोतंत जुळतं.

मग शेतकरी शाळेच्या खोल्यांत, चर्चमध्ये जमू लागले. पाच डॉलर वर्गणी भरायची आणि सभासद व्हायचं. मैलामागे किमान तीन घरं जमली पाहिजेत, म्हणून लोक शेजाऱ्यांची दारं ठोठावत फिरले. काहींना भीती होती की वर्गणीपायी जमीन गहाण पडेल. काही ठिकाणी कंपन्यांनी आयत्या वेळी नेमक्या बऱ्या ग्राहकांच्या भागातून तार ओढून सहकारी संस्थेचा आराखडा मोडायचा प्रयत्न केला. लोक त्यांना आकसाच्या तारा म्हणत. दुसऱ्या बाजूला अभियंत्यांनी जास्त ताकदीची तार वापरली, खांबांमधलं अंतर वाढवलं, आडवे दांडे काढून टाकले आणि खड्डे खणणारी, खांब उभे करणारी, तार ताणणारी अशा वेगवेगळ्या टोळ्या एकामागून एक लावल्या. मैलाचा खर्च हजार डॉलरच्या खाली आला. कंपन्या जे अशक्य म्हणत होत्या ते शेतकऱ्यांच्या संस्थांनी करून दाखवलं. वीज आल्यावर बहुतेक घरांत आधी आली इस्त्री आणि रेडिओ. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात दहांपैकी नऊ शेतांवर दिवा लागला होता.

नेब्रास्का तर आणखी पुढे गेलं. तिथल्या एकाही घराला खाजगी मालकीच्या कंपनीची वीज जात नाही. सगळी वीज सार्वजनिक जिल्हे, नगरपालिका आणि सहकारी संस्थांची आहे. असं राज्य अमेरिकेत दुसरं नाही. त्याच राज्यात १९३४मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, नॉरिस मोटारीने गावोगाव फिरले ते विधिमंडळाचं एक सभागृह रद्द करून पक्षविरहित एकच सभागृह ठेवा हे सांगायला. दोन सभागृहांच्या संयुक्त समितीत, बंद दाराआड विधेयकांचा गळा घोटला जातो, हा त्यांचा जुना अनुभव. लोकांनी मान्य केलं, आणि १९३७पासून नेब्रास्कात एकच सभागृह आहे. त्याआधी १९३३मध्ये त्यांच्याच पाठपुराव्याने विसावी घटनादुरुस्ती झाली होती. हरलेले सदस्य महिनोन् महिने कायदे करत बसायचे, ते तिने थांबवलं.

त्यांच्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याचा एक धागा थेट नगर जिल्ह्यात येतो. १९६९मध्ये भारतात ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मदतीने पाच प्रायोगिक सहकारी संस्था निघाल्या. त्यांतली एक श्रीरामपूर-राहुरी भागातली मुळा-प्रवरा. सहकारी साखर कारखाना ज्या मातीत रुजला त्याच मातीत वीजही सभासदांच्या मालकीची व्हावी, ही कल्पना रास्त होती. संस्थेने गावोगाव लाईट आणि विहिरींवर मोटारी नेल्या. पण घाऊक वीज राज्य मंडळाकडून घ्यायची, बिल शेतीपंपांकडून वसूल करायचं, आणि मधल्या तुटीचा वाद वाढत जायचा, असं दशकानुदशकं चाललं. थकबाकीचा डोंगर झाला. २०११मध्ये संस्थेचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. कर्ज, दर आणि मालकी या तिन्ही गोष्टी नॉरिस यांच्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये एकमेकांना बांधलेल्या होत्या. आपल्याकडे मालकी सभासदांना मिळाली, बाकीच्या दोन गोष्टी सरकारच्या हाती राहिल्या.

नॉरिस १९३६मध्ये अपक्ष म्हणून जिंकले होते. १९४२मध्ये रिपब्लिकन केनेथ व्हेरी यांनी एक्क्याऐंशी वर्षांच्या नॉरिस यांना हरवलं. हा पराभव त्यांच्या जिव्हारी लागला. ते मॅककुकला परतले, आत्मचरित्र पूर्ण केलं आणि सप्टेंबर १९४४मध्ये वारले. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. आज अमेरिकेत अशा सुमारे नऊशे वीज सहकारी संस्था आहेत आणि देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर त्यांच्या तारा आहेत. नेब्रास्कात सार्वजनिक वीज जिल्ह्यांच्या संचालकांची निवडणूक अजूनही लोकच करतात, मतपत्रिकेवर.