ओझच्या वाटेवर मपेट

लायमन फ्रँक बॉम यांच्या १९०० मधील ओझच्या जादूगाराच्या बालकथेचे मपेट बाहुल्यांनी केलेले रूपांतर २० मे २००५ रोजी एबीसी या अमेरिकी वाहिनीवर दाखवले गेले. मपेट ही स्पंज व कापडाची अशी बाहुली असते, की जिचे तोंड सूत्रधार आत घातलेल्या एका हाताने बोलते करतो आणि जिचे हात बहुधा बारीक काड्यांनी हलवतो. दिग्दर्शक कर्क थॅचर यांनी केर्मिट बेडकाला बुजगावणे, फॉझी अस्वलाला भित्रा सिंह आणि पेपे या कोळंबीला टोटो कुत्रा केले. याच कथेवरील १९३९ च्या चित्रपटात माणकांचे झालेले नायिका डोरोथीचे बूटही पुस्तकाप्रमाणे पुन्हा चांदीचे झाले. मात्र मूळ कथेचा प्राण असलेली घरची ओढ येथे मागे पडते, कारण ही डोरोथी प्रसिद्ध गायिका होण्याच्या इच्छेमागे धावते, आणि मोठ्यांसाठी पेरलेल्या विनोदांत मुलांचा विस्मय हरवतो, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

आपल्याकडची बाहुली याहून वेगळ्या रीतीने पात्र होते: कुडाळ तालुक्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची कळसूत्री, म्हणजे दोऱ्यांनी नाचवली जाणारी लाकडी बाहुली, रामायणातील पात्र होऊनच रंगमंचावर येते. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मपेट मात्र स्वतःची प्रसिद्ध ओळख सोबत घेऊन येतो, त्यामुळे बुजगावण्याच्या पेंढ्याआडूनही प्रेक्षकाला केर्मिटच दिसत राहतो.