पाण्यावाटेची वारी

माझ्याकडे पळसदेवचे दोन फोटो आहेत, दोन्ही २०२४चे. पहिल्यात पळसनाथाचं दगडी देऊळ भेगाळलेल्या गाळात उभं आहे. बाजूला मोटारसायकलींची रांग लागली आहे आणि मंडपाच्या सावलीत बसून एक पोरगं कुल्फी खातंय. दुसऱ्या फोटोत लांबवर पाणीच पाणी, मंडपाचा पत्ता नाही. पाहणारे विचारतात, "ही दुसरी जागा कुठली?" जागा तीच. दोन फोटोंमध्ये तीन महिन्यांचंही अंतर नाही.

या दोन फोटोंच्या मधल्या दिवसांत मी तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती ते इंदापूर चाललो. तसं पाहिलं तर पळसदेव या पालखीच्या वाटेवर नाही. पालखी पाटसवरून बारामतीकडे वळते आणि काटेवाडी, सणसर, आंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. पळसदेव राहतं वर, पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, भिगवण आणि इंदापूरच्या मध्ये. तरीही वारीचा विचार करताना मला पळसदेव वगळता येत नाही. का, ते पुढे येईलच.

बुडालेलं गाव

भिगवण सोडून सोलापूरकडे निघालं की डाव्या हाताला उजनीचं पाणी सोबत करू लागतं. आज हमरस्त्यालगत दिसतं ते नवं पळसदेव. जुनं गाव खाली भीमेच्या काठी होतं. माढा तालुक्यात उजनीला भीमेवर धरण बांधलं, ते १९८०मध्ये पूर्ण झालं, आणि पुणे, सोलापूर, नगर या तीन जिल्ह्यांतली काठची गावं यशवंतसागराच्या पोटात गेली. पळसदेव त्यांतलंच एक. माणसं वर आली, नव्या गावठाणात पळसनाथाचं नवं देऊळ झालं. जुनं देऊळ मात्र जागच्या जागी राहिलं.

ते दिसायचं तर धरण खाली जावं लागतं, आणि उजनीच्या बाबतीत 'खाली'चा हिशेब जरा निराळा आहे. या धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं जास्त मृतसाठ्यात धरतात. टक्केवारी मोजतात ती त्यावरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. त्यामुळे शून्य टक्के झालं तरी निम्म्याहून अधिक पाणी धरणात असतंच. त्याच्याही खाली पातळी गेली की लोक म्हणतात, "धरण मायनसमध्ये गेलं." शून्याची पातळी ४९१.०३ मीटर, शंभर टक्क्यांची ४९६.८३. म्हणजे सगळा उपयुक्त साठा सहा मीटरच्या आत. जमीन सपाट असल्यामुळे पातळी हातभर उतरली की किनारा लांब पळतो. आधी रानं उघडी पडतात, मग जुने रस्ते, विहिरी, घरांची जोती, आणि पार शेवटी देऊळ.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. मे महिन्यात मी पळसदेवला उतरलो तेव्हा चहाच्या टपरीवरच कळलं, "जावा की चालत, गाडीबी जातीया."

काठावरची आजी

सकाळी साडेसहाला गेलो होतो. फोटोसाठी ही वेळ बरी, कारण तिरप्या उन्हात दगडावरचं काम उठून दिसतं. दहा वाजले की तेच काम सपाट होतं. देवळाचा खालचा भाग चालुक्य-यादव काळातल्या देवळांच्या धाटणीचा, घडीव दगडांचा. वरचं शिखर विटा-चुन्याचं. पाण्याने ठिकठिकाणी चुना खाल्लाय, पण शिखर ताठ उभं आहे. आवारात वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाईंसाठी पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यांचा अर्थ असा, की चंद्र-सूर्य आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहील. एका वीरगळावर सूर्याच्या खोबणीत शिंपला अडकून बसला होता. मी तो काढला नाही. फोटो मात्र काढला.

पाठीमागून आवाज आला, "त्येचा कशाला काढतोस, हिकडं ये."

सत्तरीच्या पुढची आजी होती. नातवाच्या गाडीवर मागं बसून आलेली. तिने बोट दाखवलं तिथे मला नुसता गाळ दिसला.

"हितं आमचा वाडा. ह्यो उंबरा."

"आजी, कशावरून ओळखलंत?"

"देवळाच्या दारातनं सरळ चालत आलं की पंधरा पावलं. तवाबी पंधराच हुती."

ती खरंच चालून आली होती. मी तिचा फोटो मागितला. ती म्हणाली, "माझा नगं. उंबऱ्याचा काढ." काढला. फोटोत चिखलात अर्धा रुतलेला एक आडवा दगड आहे, बाकी काही नाही. माझ्या त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत हाच एक मला खरा वाटतो.

नऊ वाजेपर्यंत गर्दी वाढली. ड्रोन उडू लागले. कुणी शिखरावर चढायला पाहत होतं, त्याला गावातल्या पोरांनी हटकलं. पिकनिकची हौस मी समजू शकतो, कारण असं दृश्य रोज दिसत नाही. पण देऊळ पूर्ण मोकळं होतं ते साल खाली सोलापूरपर्यंतच्या रानांना वाईट असतं. इंदापूरच्या या पट्ट्यातला ऊस याच फुगवट्यावर टाकलेल्या पाइपलाइनींवर वाढतो. पाणी लांब पळालं की मोटारी पाण्यामागे पळवाव्या लागतात. ज्या गाळात लोक सेल्फी काढत होते, त्याच गाळातून दोघे जण खांद्यावर पाइप घेऊन चालले होते. पाणी नुसतं देखाव्याचंही नाही. त्याच महिन्यात, २१ मे रोजी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उजनीत होडीने फिरायचं तर अंगात जाकीट हवंच. वारा सुटला की होडीवाला 'नको' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

पालखीबरोबर कॅमेरा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पालखी बारामतीला आली. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये पालखी सोहळा सुरू केला. म्हणजे सव्वातीनशेहून अधिक वर्षं ही वाट चालू आहे. तिच्याबद्दल लिहिलंही खूप गेलं. इरावती कर्व्यांची 'वाटचाल' आहे, दि. बा. मोकाशींची 'पालखी' आहे. फोटोंत संदेश भंडाऱ्यांनी वारकऱ्यांबरोबर जमिनीवरून वारी टिपली, तर उद्धव ठाकऱ्यांनी 'पहावा विठ्ठल'मध्ये ती आकाशातून दाखवली. वरून पाहिलं की वारी नदीसारखी दिसते. खालून पाहिलं की टाचांना पडलेल्या भेगा दिसतात. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने यातलं काय पाहायचं ते आधीच ठरवून जावं, नाहीतर हजार फोटो होतात आणि वारी एकाही फोटोत नसते.

मी एकच भिंग घेऊन गेलो होतो, पस्तीस मिलिमीटरचं. त्यात जवळ गेल्याशिवाय माणूस मावत नाही, आणि जवळ गेलं की आधी 'माउली' म्हणावं लागतं. तेवढ्याने निम्मे प्रश्न सुटतात. अंघोळ करणाऱ्यांचे, झोपलेल्यांचे, पायाचे फोड दाबणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हा नियम मी स्वतःपुरता घातला होता. दोनदा मोडला. ते दोन्ही फोटो नंतर पुसून टाकले.

काटेवाडीत परीट समाजाने पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या. त्यानंतर मेंढ्यांचं रिंगण झालं. पालखीभोवती मेंढ्या धावतात तेव्हा धूळ आणि लोकर एकच होऊन जाते, कॅमेऱ्याला काय टिपावं ते कळत नाही. बेलवाडीत पहिलं गोल रिंगण. आधी झेंडेकरी धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बाया, मग विणेकरी, टाळ-पखवाजवाले, आणि शेवटी अश्व. सगळे कॅमेरे अश्वासाठी दबा धरून असतात. मी बायांसाठी शटर एक तीसांश सेकंदावर आणलं आणि त्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवला. हिरवी तुळस तेवढी स्पष्ट आली, बाकी सगळं वाहून गेलं. अश्व गेल्यावर गर्दी रिंगणात शिरली. लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावत होते. एक वारकरी चिमूटभर माती रुमालाच्या टोकात बांधत होता. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा त्याने ती दातांनी आवळली.

इंदापूरच्या मुक्कामी मी एका दिंडीच्या राहुटीत टेकलो होतो. देहूकडच्या एका म्हाताऱ्याला मेमधला देवळाचा फोटो दाखवला. त्याने मोबाइल लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, "आमचंच पाणी आहे की ते."

दुसरी वाट

मला आधी कळलं नाही. त्याने राहुटीच्या मातीत काटकीने रेघ ओढली. देहू आणि आळंदी इंद्रायणीवर. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा येऊन मिळते. मग भीमा उजनीच्या फुगवट्यात शिरते, पळसदेवच्या देवळावरून जाते, धरणाच्या दरवाजातून सुटते, नीरा-नरसिंहपूरला नीरा घेते आणि पंढरपुरात वळसा घालून चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी इंद्रायणीकाठून निघते आणि चंद्रभागेकाठी पोहोचते, ती रस्त्याने. पाणीही तिथूनच निघतं आणि तिथेच जातं. ते पळसदेववरून जातं.

त्यात नुसतं पुण्य नाही वाहत. पुण्या-पिंपरीचं सांडपाणीही याच वाटेने उजनीत येतं, आणि वारीच्या तोंडावर आळंदीच्या इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आपण बातम्यांत दर वर्षी पाहतो. म्हातारा म्हणाला, "आम्ही घाण केली तीच आमच्या पुढं पंढरीला पोचती." आषाढीला वारकऱ्यांना स्नान घडावं म्हणून उजनीतून भीमेत पाणी सोडायचा रिवाज आहे. म्हणजे वाळवंटात जो डुबकी मारतो, तो बुडालेल्या गावांवरून आलेल्या पाण्यात उतरतो. काठच्या माणसांनी घरं दिली, तेव्हा ते पाणी साठलं.

दुसऱ्या दिवशी पालखी सराटीकडे निघाली, नीरा ओलांडून अकलूजला जायला. मी उलटा फिरून पळसदेवला आलो. पाऊस लागला होता, वरच्या धरणांकडून पाणी येऊ लागलं होतं. रान चिखलाने भरलेलं, म्हणून देऊळ लांबूनच पाहिलं. मोटारसायकली नव्हत्या. एक मासेमार जाळ्यातून चिलापी सोडवत होता. त्याला विचारलं, "आजीचा उंबरा?" त्याने पाण्याकडे हनुवटी केली. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धरण भरलं, तेव्हा मी दुसरा फोटो काढला.

त्याआधी १७ जुलैला आषाढी होती. चंद्रभागेच्या वाळवंटात तोच म्हातारा भेटेल अशी आशा नव्हती, आणि भेटलाही नाही. पण त्याच्याच वयाची एक बाई गुडघाभर पाण्यात वाकून प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरत होती. विचारलं, कुठं नेणार? म्हणाली, "देहूला. घरी." बाटलीचं टोपण घट्ट बसत नव्हतं, तिने त्याखाली पिशवीचा तुकडा लावला. इंद्रायणीचं पाणी पहिल्यांदाच उलट्या वाटेने, एसटीने, घरी निघालं होतं. हा फोटो मी काढला. विचारून.