मेडिकल स्टोअर: कुणाला काय येतं, हे कॉम्प्युटरच सांगेल!

मेडिकलमध्ये सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर चुकीचं बिल कुणी केलं हे कळणार कसं? बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. दर शनिवारी बघा: कुणाची बिलं रद्द झाली, कुणाचा बॅच नंबर चुकला? जो जिथे अडकतो, तेवढंच त्याला शिकवा. ओरडाल, तर पोरं चुका लपवतील. आणि औषधातली लपवलेली चूक पेशंटच्या पोटात जाते.

शेड्यूल एच-वनच्या औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ३ वर्षं जपायची, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवं. पण लक्षात ठेवा, लॉगिन दिलं म्हणून कुणी फार्मासिस्ट होत नाही. प्रिस्क्रिप्शनचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं.

मग, आजच पासवर्ड वेगळे करताय ना?