स्टोक पार्क गोल्फ क्लब

इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यातील एक खाजगी गोल्फ क्लब व ऐतिहासिक जहागीर. लंडनच्या पश्चिमेस सु. ३५ किमी.वर, स्टोक पोजेस या खेड्याजवळ ही जहागीर असून तिचे क्षेत्रफळ सु. १२० हेक्टर आहे. १९०८ मध्ये येथे स्थापन झालेला स्टोक पोजेस गोल्फ क्लब हा ब्रिटनमधील अगदी आरंभीच्या कंट्री क्लबांपैकी एक गणला जातो. सरदारी वाडा व भोवतालचे उद्यान सांभाळणे एका कुटुंबास अशक्य झाल्यावर सभासदांच्या वर्गणीवर ते कसे टिकविता येते, याचे हा क्लब एक बोलके उदाहरण होय.

जहागिरीचा उल्लेख १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीत आढळतो. विख्यात विधिज्ञ सर एडवर्ड कोक यांचे येथे वास्तव्य होते. त्यांनी १६०१ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिचे येथेच आदरातिथ्य केले. कवी टॉमस ग्रे याची १७५१ मध्ये प्रसिद्ध झालेली विलापिका जवळच्याच चर्चच्या दफनभूमीशी निगडित आहे, असे परंपरेने मानले जाते. ग्रे याला १७७१ मध्ये तेथेच पुरण्यात आले.

पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याचा मुलगा टॉमस याने १७६० मध्ये ही जहागीर विकत घेतली. अमेरिकन क्रांतीच्या काळात, १७७९ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने पेन घराण्याचे वसाहतीतील जमिनीचे हक्क काढून घेतले व १,३०,००० पौंडांची भरपाई मंजूर केली. टॉमसचा मुलगा जॉन पेन (१७६०–१८३४) याने आपल्या संपत्तीतून येथे नवा प्रासाद उभारला. त्याचे काम मुख्यतः वास्तुशिल्पज्ञ जेम्स वायट याने पूर्णत्वास नेले. पांढऱ्या भिंती, स्तंभावली व मध्यभागी घुमट ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. उद्यानाच्या रचनेत लॅन्सेलॉट ‘केपबिलिटी’ ब्राउन व हम्फ्री रेप्टन या दोन श्रेष्ठ उद्यानरचनाकारांचा हात होता. जॉन पेन याने १७९९ मध्ये ग्रेचे स्मारकही उभारले.

पेन घराण्याकडून १८४८ मध्ये जहागीर गेली व तिचे मालक वारंवार बदलले. १८८७ मध्ये ती लंडनच्या ‘ब्रायंट अँड मे’ या आगपेट्यांच्या कंपनीच्या विल्बरफोर्स ब्रायंट याच्याकडे आली. पुढच्याच वर्षी या कंपनीच्या कारखान्यातील कामगार मुलींनी अल्प वेतन, दंड व फॉस्फरसमुळे होणारे जबड्याचे रोग यांविरुद्ध इतिहासप्रसिद्ध संप केला. त्यांची बाजू मांडणाऱ्यांत पुढे भारताच्या राजकारणात प्रमुख स्थान मिळविणाऱ्या ॲनी बेझंट या अग्रभागी होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील मोठ्या जहागिऱ्या अडचणीत आल्या. अमेरिकेच्या स्वस्त धान्यामुळे १८७५ नंतर शेतजमिनीचा खंड घसरला आणि १८९४ पासून वारसांवर नवा मृत्युकर बसला. याच सुमारास रेल्वेमुळे शहरातील धनिकांना दिवसभरात गावाकडे जाऊन परतणे सोपे झाले. रबराच्या धाग्यांचे वेष्टन असलेला नवा चेंडू प्रचारात आल्याने गोल्फही पूर्वीपेक्षा सुलभ होऊन लोकप्रिय झाला. अशा स्थितीत कॉरिंथिअन फुटबॉल क्लबचे संस्थापक निकलस लेन जॅक्सन (१८४९–१९३७) यांनी १९०८ मध्ये स्टोक पार्क घेऊन प्रासादाचे क्लबगृहात रूपांतर केले. गोल्फ, निवास, भोजन व इतर खेळ एकाच ठिकाणी उपलब्ध करणारी ही पद्धत मूळची अमेरिकन असून ब्रुकलाइन येथे १८८२ मध्ये स्थापन झालेला कंट्री क्लब हा तिचा आद्य नमुना होय.

मैदानाची आखणी हॅरी शॅपलंड कोल्ट (१८६९–१९५१) यांनी केली. शिक्षणाने वकील असलेल्या कोल्ट यांनी जमिनीवर भौमितिक आकार लादण्याऐवजी मूळचे वृक्ष, उतार व ओढे यांचाच अडथळे म्हणून उपयोग केला. सातव्या होलचे अंतर कमी असले, तरी त्याची हिरवळ ओढ्यापलीकडे तिरकी असल्याने चेंडूचे अंतर व दिशा दोन्ही अचूक साधावी लागतात. कोल्ट यांचे पुढील काळातील सहकारी ॲलिस्टर मॅकेंझी यांनी अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल क्लबच्या मैदानाची आखणी करताना एका होलसाठी याच होलचा आदर्श समोर ठेवला होता.

दोन महायुद्धांच्या दरम्यान जवळच्या स्लाउ शहराची औद्योगिक वाढ झाली आणि घरबांधणीचे लोण स्टोक पोजेसपर्यंत पोहोचले. तेव्हा स्टोक पार्कचे मालक व स्लाउ औद्योगिक वसाहतीचे एक प्रवर्तक सर नोएल मॉब्झ यांनी चर्चलगतची जमीन बांधकामापासून वाचविण्यासाठी १९३० नंतरच्या दशकात स्मृतिउद्यान निर्माण केले. ज्या औद्योगिक विस्ताराने या परिसराला धोका निर्माण झाला, त्याच्याच एका प्रवर्तकाने त्याचा काही भाग राखला, ही बाब लक्षणीय आहे.

गोल्डफिंगर (१९६४) या चित्रपटातील गोल्फच्या सामन्याचे चित्रीकरण येथे झाल्याने क्लबची कीर्ती जगभर पसरली. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स इंडस्ट्रीजने आपल्या एका उपकंपनीमार्फत ‘स्टोक पार्क लिमिटेड’ ही कंपनी ५ कोटी ७० लाख पौंडांना (सु. ५९२ कोटी रु.) खरेदी केली. त्याच वर्षी नूतनीकरणासाठी क्लब बंद ठेवण्यात आला.

खाजगी गोल्फ क्लबांविषयी नेहमी दोन मते मांडली जातात. मोजक्या सभासदांच्या करमणुकीसाठी विस्तीर्ण जमीन अडवून ठेवणे अन्यायाचे आहे, असे एक मत. तर अशा क्लबांअभावी या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या असत्या, असे दुसरे. स्टोक पार्कच्या इतिहासात दोन्ही मतांना आधार सापडतो. वायटचा प्रासाद व त्याभोवतीचे उद्यान टिकले, ते क्लबाच्या उत्पन्नामुळे. परंतु त्यांचा पूर्ण उपभोग बव्हंशी वर्गणी भरू शकणाऱ्यांपुरताच राहिला. वसाहतीतील जमिनीचे हक्क, आगपेट्यांचा कारखाना, औद्योगिक वसाहत आणि अखेरीस भारतीय उद्योगसमूह अशा भिन्न मार्गांनी इतरत्र निर्माण झालेल्या संपत्तीवर ही जहागीर टिकून राहिली. तिची जमीन मात्र मध्ययुगानंतर क्वचितच स्वतःच्या उत्पन्नावर जगली असावी, असे या मालकीच्या परंपरेवरून दिसते.